लँड सीडिंग ‘नो’ का दिसतं? सरकारी माहितीच्या जोडणीबद्दलचे गैरसमज

पीएम किसानचा हप्ता यायच्या आठवड्यात जळगाव जिल्ह्यातल्या कुठल्याही सेवा केंद्रात थोडा वेळ बसा. एक वाक्य हमखास कानावर पडतं, ‘आप्पा, तुमचं लँड सीडिंग नो दाखवतंय.’ आप्पा बँकेत जातात. बँक म्हणते तहसीलला जा, तहसीलमध्ये सांगतात कृषी कार्यालयात विचारा, आणि कृषी कार्यालयातून आप्पा पुन्हा सेवा केंद्राच्या बाकावर येऊन बसतात. यात दरवेळी कुणाची टाळाटाळच असते असं नाही. बऱ्याचदा खिडकीमागच्या माणसालाही ठाऊक नसतं की समोर दिसणारं ‘नो’ नेमकं कुठल्या दप्तरातून आलं. ते कळण्यासाठी ही दप्तरं एकमेकांशी कशी बोलतात हे समजून घ्यावं लागेल.

गैरसमज: सगळं ऑनलाइन झालं, म्हणजे सगळी माहिती एकाच कॉम्प्युटरमध्ये गेली.

तसं झालेलं नाही, आणि तसं व्हावं अशी रचनाही नाही. सातबारा महसूल विभागाकडे असतो, खरेदीखत नोंदणी व मुद्रांक विभागाकडे, आधार यूआयडीएआयकडे, बचत खातं बँकेकडे आणि पीएम किसानची यादी केंद्राच्या कृषी विभागाच्या पोर्टलवर. प्रत्येक दप्तर आपापल्या धन्याकडेच राहतं. जोडणी म्हणजे एका दप्तराने दुसऱ्याला ठरलेल्या साच्यात प्रश्न विचारायचा आणि ठरलेल्या साच्यातच उत्तर घ्यायचं. सॉफ्टवेअरवाले याला सेवाधारित रचना म्हणतात आणि प्रश्नोत्तराच्या त्या खिडकीला एपीआय.

ही गोष्ट आपण रोज वापरतो. फोनपेवर शिल्लक दिसते म्हणून आपले पैसे फोनपेकडे नसतात. ॲप यूपीआयमार्फत बँकेला विचारतं, बँक आकडा सांगते, ॲप तो दाखवतं. आकडा चुकला असेल तर फोन बदलून उपयोग नाही, बँकेतच जावं लागेल.

जमिनीच्या बाबतीतलं उदाहरण अधिक बोलकं आहे. रावेरला दुय्यम निबंधकांसमोर खरेदीखत झालं की ते ‘आय-सरिता’ या प्रणालीत नोंदवलं जातं. तिथून त्याची माहिती महसूलच्या ‘ई-फेरफार’ प्रणालीत जाते आणि फेरफाराचं काम सुरू होतं. पूर्वी हेच कागद टपालाने किंवा पक्षकाराच्या पिशवीतून तलाठी कार्यालयात पोचायचे. आता दोन खात्यांची दोन सॉफ्टवेअरं एकमेकांना निरोप देतात, पण एक दुसऱ्याच्या वहीत लिहीत नाही. सातबाऱ्यावर नाव चढवण्याचा अधिकार महसूलचाच राहतो.

एस्टोनिया या छोट्या देशाने २००१ पासून ‘एक्स-रोड’ नावाच्या व्यवस्थेने याच तत्त्वावर सरकारी कार्यालयं जोडली आहेत. आपल्याकडची शेतीच्या नोंदी जोडणारी ‘ॲग्रिस्टॅक’ व्यवस्थाही याच विचाराची आहे. त्यात तीन नोंदवह्या आहेत: शेतकऱ्यांची, गावनकाशांची आणि पेरलेल्या पिकांची. ज्या डिजिटल कृषी अभियानात हे काम येतं, त्याला केंद्राने २ सप्टेंबर २०२४ रोजी २,८१७ कोटी रुपयांची मंजुरी दिली. महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आहे. तो अकरा अंकी क्रमांक म्हणजे या वेगवेगळ्या वह्यांमध्ये एकाच माणसाला शोधून काढण्याची खूण. तो क्रमांक मिळाल्याने जुनी नोंद आपोआप दुरुस्त होत नाही.

गैरसमज: नाव जुळलं की माणूस जुळला.

खान्देशात तर हे अजिबात धरून चालू नये. ज्या गावात निम्मे उंबरे पाटलांचे, तिथे एकाच नावाचे, एकाच बापाच्या नावाचे दोन-तीन खातेदार सहज सापडतात. सातबारा देवनागरीत, आधारवर इंग्रजी स्पेलिंग, बँकेत तिसरंच. ‘सुपडू’ हे आपलं अस्सल खान्देशी नाव रोमन लिपीत किमान तीन तऱ्हांनी लिहिलं जातं. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. सातबाऱ्यावर घरातलं नाव, आधारवर शाळेच्या दाखल्यावरचं. माणसाला कळतं की हे सगळे एकच सुपडूआप्पा; यंत्राला ते सांगावं लागतं.

गावांचंही तेच. जुन्या कागदांवर एदलाबाद आहे, आजच्या यादीत मुक्ताईनगर. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, पण त्याआधीच्या दस्तांवर तिथल्या गावांपुढे ‘जि. धुळे’ असंच लिहिलेलं आहे. ‘पिंप्री’ एवढंच म्हटलं तर कोणती पिंप्री हे पोस्टमनलाही सांगता यायचं नाही. म्हणूनच नव्या नमुन्यातल्या सातबाऱ्यावर गावाच्या नावासोबत एलजीडी कोड छापलेला असतो. देशातल्या प्रत्येक गावाला दिलेला तो क्रमांक आहे. नाव बदललं, तालुका बदलला, तरी दोन कार्यालयं त्या क्रमांकावरून एकाच गावाबद्दल बोलू शकतात. माझ्या मते सगळ्या जोडणीतलं सर्वांत कमी गाजलेलं आणि सर्वांत मोलाचं काम हेच. क्रमांकच जुळत नसेल, तर वरचं सॉफ्टवेअर कितीही महागडं असो, ते चुकीच्या माणसाचं उत्तर बरोबर वेळेत आणून देईल.

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच खान्देशात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिला गेला. पण आधार माणसाची ओळख सांगतं, त्याच्या नावावर जमीन किती हे सांगत नाही. ते सांगणारी वही वेगळी, आणि दोन वह्यांमधला दुवा कुणीतरी तपासून बांधावा लागतो. त्या बांधणीलाच पोर्टलच्या भाषेत ‘लँड सीडिंग’ म्हणतात.

गैरसमज: एका ठिकाणी बदल झाला की सगळीकडे लगेच दिसतो.

काही प्रश्न त्या क्षणी विचारले जातात, काहींची उत्तरं ठरावीक काळाने यादीच्या रूपात पाठवली जातात. शिवाय कायद्याचाही वेळ असतो. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. तोवर सातबारा जुनाच. वडिलांच्या निधनानंतर वारस नोंद झाली, तरी मुलाचं नाव तिच्यामागून आपोआप पीएम किसानच्या यादीत येत नाही. त्याची वेगळी नोंदणी करावी लागते. आणि १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतलेल्या जमिनीमुळे नाव यादीत येत नसेल, तर ती संगणकाची चूक नाही. तो योजनेचाच नियम आहे. वारसाने आलेली जमीन मात्र त्याला अपवाद आहे.

गैरसमज: अर्जावर जो खाते क्रमांक लिहिला, पैसे तिथेच येतील.

आधारवर आधारित वितरणात तो क्रमांक पाहिलाच जात नाही. बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या एनपीसीआय या संस्थेकडे आधार क्रमांक आणि बँक यांची एक जोडयादी असते, आणि पैसे त्या यादीत शेवटी जोडलेल्या बँकेकडे जातात. मध्येच कुठे नवं खातं उघडलं आणि तिथल्या फॉर्मवर सही करताना अनुदानासाठी आधार जोडायला संमती दिली, की पुढचा हप्ता त्या खात्यात. केवायसीसाठी बँकेत आधार देणं आणि अनुदानासाठी आधार जोडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ‘बँकेत आधार दिलंय’ असं सांगणाऱ्या आप्पांचं ‘आधार सीडिंग’ तरीही ‘नो’ असू शकतं.

गैरसमज: लोकांकडून पुन्हा नवा अर्ज भरून घेतला की माहिती पक्की होते.

या बाबतीत महाराष्ट्राने मोठी किंमत मोजून धडा घेतला. २०१७ च्या कर्जमाफीत शेतकऱ्यांकडून ऑनलाइन अर्ज भरून घेतले गेले. मग ते अर्ज आणि बँकांच्या नोंदी यांचा मेळ घालण्यात महिने गेले. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत अर्जच नव्हता. कर्जाची माहिती ज्यांच्या वहीत आहे त्या बँकांनी ती दिली, शेतकऱ्याने केंद्रावर अंगठा लावून ‘रक्कम मान्य’ किंवा ‘अमान्य’ एवढंच सांगितलं, आणि अमान्य असल्यास प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे गेलं. माहिती तिच्या धन्याकडूनच घ्यायची, माणसाकडून फक्त खातरजमा करून घ्यायची, आणि वाद कुणी मिटवायचा हे आधी ठरवायचं. हे सूत्र गावातल्या विकास सोसायटीपासून मंत्रालयापर्यंत सगळीकडे चालतं. सोसायट्यांचं संगणकीकरण केंद्राने २९ जून २०२२ रोजी मंजूर केलं तेव्हा ६३,००० सोसायट्यांसाठी एकच राष्ट्रीय सॉफ्टवेअर ठरवलं, तेही बरोबरच होतं. तरीसुद्धा संगणकात चढवलेली थकबाकी मूळ खतावणीशी सचिवांनी ताडून पाहिली नसेल, तर तीच चूक आता सगळीकडे दिसणार.

आता त्या आप्पांच्या पडद्याकडे पुन्हा पाहा. पीएम किसानच्या स्थितीत तीन ओळी असतात आणि तिन्हींचे धनी वेगळे आहेत. ई-केवायसी ‘नो’ असेल तर ते तुम्ही स्वतः मोबाइलवर किंवा सेवा केंद्रात करू शकता. आधार सीडिंग ‘नो’ असेल तर बँकेत जाऊन खातं अनुदानासाठी आधारशी जोडा असं लेखी मागा. लँड सीडिंग ‘नो’ असेल तर आधी आठ-अ आणि सातबारा काढून आपलं नाव आधारशी अक्षर-अक्षर ताडून पाहा, आणि मग ते कागद घेऊन तालुक्याच्या कार्यालयात जा. सातबाऱ्यातच लेखनाची चूक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करा. पोच घ्या, तिच्यावर तारीख आणि शिक्का आहे ना ते पाहा, आणि ती पोच जपून ठेवा.