प्रणालीबदल आणि पडद्यावरील चित्राचे दोष

एका ऑपरेटिंग सिस्टीमवर निर्दोष चालणारे सॉफ्टवेअर दुसरीवर नेले असता गणिते बरोबर येतात. पण चित्र उमटतच नाही, किंवा भलतेच उमटते, हा अनुभव संशोधकांस नवा नाही. अशा वेळी दोष यंत्राच्या माथी मारण्याकडे आपला कल असतो. वस्तुतः मूळ प्रणालीने न सांगता दिलेली एखादी सवलत नव्या प्रणालीने नाकारलेली असते, असेच बहुधा आढळते. विंडोजवर ओपनजीएलच्या साह्याने सिद्ध केलेला प्रोग्राम मॅकओएसवर नेणे, हे उदाहरण घेऊन या दोषांची चिकित्सा येथे करावयाची आहे.

पहिला दोष म्हणजे पडदा रिकामा राहणे. ओपनजीएल १९९२ साली प्रसिद्ध झाले. २००९ साली त्याच्या ३.२ या आवृत्तीत जुन्या पद्धती वगळणारा ‘कोअर प्रोफाइल’ हा काटेकोर प्रकार आला. विंडोजवरील ड्रायव्हर सामान्यतः जुने व नवे एकत्र चालवू देतात. मॅकओएसवर तशी मुभा नाही. तेथे विशेष मागणी न केल्यास २.१ ही आवृत्ती मिळते; ३.२ वा तिच्या पुढील आवृत्ती केवळ कोअर प्रोफाइलच्या रूपाने मिळते, आणि ४.१ ही तेथील मर्यादा होय. म्हणून व्हर्टेक्स ॲरे ऑब्जेक्ट न जोडता दिलेली आरेखनाची आज्ञा विंडोजवर खपून जाते. मॅकवर कोअर प्रोफाइलमध्ये ती चूक ठरते.

दुसरा दोष असा, की चित्र खिडकीच्या डाव्या तळकोपऱ्यातील चतुर्थांशातच उमटते. रेटिना पडद्यावर खिडकीचे माप व प्रत्यक्ष बिंदूंची संख्या ही एक नव्हेत. ८०० × ६०० मापाच्या खिडकीमागे १६०० × १२०० बिंदूंची स्मृती असू शकते. व्ह्यूपोर्टला पहिले माप दिल्यास हा दोष उद्भवतो. यास्तव फ्रेमबफरचे माप विचारून तेच द्यावे.

तिसरा दोष सर्वांत घातक होय. कारण तो दोष म्हणून जाणवतच नाही. विंडोजच्या बिटमॅप रचनेत रंगांचा क्रम निळा, हिरवा, तांबडा असा असून ओळी सामान्यतः तळापासून वर रचलेल्या असतात. पुष्कळ इतर रचनांत क्रम तांबड्यापासून व ओळी वरून खाली असतात. हा भेद ध्यानी न घेतल्यास तापमानाच्या नकाशातील उष्ण प्रदेश थंड व उत्तर दिशा दक्षिण होऊन बसते, आणि चित्र मात्र सुबक दिसते.

चिकित्सेचा क्रम असा ठेवावा. प्रथम पार्श्वभूमीस काळ्याहून वेगळा रंग द्यावा. तो दिसल्यास खिडकी व संदर्भ ठीक आहेत, आणि दोष पुढील आरेखनात आहे, असे समजावे. नंतर मिळालेली आवृत्ती छापून पाहावी व प्रत्येक शेडरच्या संकलनाची नोंद वाचावी. त्यानंतर आज्ञांमागून त्रुटिसंकेत विचारावा. त्रुटी आपण होऊन कळविण्याची सोय ४.३ या आवृत्तीत आली असल्याने मॅकवर हे काम स्वतःच करावे लागते. शेवटी चार कोपऱ्यांत तांबडा, हिरवा, निळा व पांढरा असे रंग असलेले कसोटीचित्र दोन्ही प्रणालींवर काढून ताडून पाहावे. व्ह्यूपोर्ट, रंगक्रम व दिशा या तिहींची परीक्षा त्यात एकदमच होते.

ॲपलने २०१८ साली ओपनजीएल कालबाह्य घोषित करून मेटलचा पुरस्कार केला आहे. ओपनजीएलमध्ये खोलीची कक्षा सामान्यतः उणे १ ते १ अशी, तर मेटलमध्ये ० ते १ अशी असते. जुनेच प्रक्षेपण-मॅट्रिक्स वापरल्यास या कक्षेचा जवळचा अर्धा भाग छाटला जातो. तात्पर्य, प्रणाली बदलली की गृहीते पुन्हा तपासावी लागतात. रिकामा पडदा आपली चूक लपवीत नाही. सुंदर पण चुकीचे चित्र मात्र थेट प्रबंधात जाऊन बसते. यास्तव कसोटीचित्र हा प्रत्येक संशोधन-प्रोग्रामचा कायमचा भाग असावा.