नाडीखालचा नायटा

घनसावंगी तालुक्यातलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र. भाद्रपदातली उघडीप, अंगाला चिकटणारा उकाडा. कपाशीतलं खुरपण सोडून, रोज बुडवून आलेल्या बायका बाकावर बसल्या आहेत. केसपेपरच्या घडीनं वारा घेताघेता कुणाचा हात मानेकडे जातो, कुणाचा पदराआडून कमरेकडे.

डॉक्टरबाई चिठ्ठी लिहिण्याआधी प्रत्येकाला तीन गोष्टी विचारतात. खाजतं कुठं? कधी जास्त खाजतं? घरात आणखी कुणाला आहे?

पहिल्या पोराच्या बोटांच्या बेचक्यांत आणि बेंबीभोवती बारीक पुळ्या आहेत. "रातच्याला झोपू देत न्हाई," आई सांगते. धाकटीलाही तेच. ही खरूज. औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री अंगभर लावायचं, अंथरूण-पांघरूण धुवायचं, आठवड्यानं पुन्हा एकदा लावायचं.

पुढच्या शेतकऱ्याच्या पापण्या, मान आणि कोपराची लवण काळवंडून जाड झाली आहे. सदऱ्याखालची पाठ मात्र स्वच्छ. "बांधावर गाजरगवत आहे?" तो मान डोलावतो. गेल्या शतकाच्या मध्याला पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे परदेशी गवत आता मराठवाड्यात बांधाबांधावर माजलं आहे. त्याचे कण हवेतून उघड्या अंगावर बसतात. ते फुलण्याआधीच काढायचं, पण त्यानं स्वतः हात लावायचा नाही.

मग एक चाळिशीची बाई आत येते. पडदा ओढून घेतल्यावरच परकराची नाडी सैल करते. कमरेभोवती, नाडी काचते तिथंच, लालसर कड्यांचा पट्टा आहे. कडा उठलेल्या, आतली कातडी निवलेली, एका कड्यात दुसरं कडं. नायटा. पण मधली कातडी पातळ झाली आहे आणि तिच्यावर पांढरट चरे उमटले आहेत.

"मावशी, काय लावत होता?"

ती पिशवीतून चेपलेली ट्यूब काढते. मेडिकलवाल्यानं न बघताच दिलेली. "लावलं की थंड पडतंय. सोडलं की दुप्पट उठतंय."

डॉक्टरबाई ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचतात. बुरशीच्या औषधात कडक स्टेरॉइड मिसळलेलं आहे. स्टेरॉइडनं लाली आणि खाज दबते, कातडीची राखण ढिली पडते आणि बुरशी आत निवांत पसरते. २०१८ साली केंद्र सरकारनं अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ही ट्यूब या पिशवीत आहे, आणि ते बघून मला राग येतो. अशानं बरा होणारा नायटा वर्षानुवर्षं अंगावर राहतो.

आता ही ट्यूब बंद. नुसत्या बुरशीचं मलम कड्याच्या बाहेर दोन बोटं जागा धरून लावायचं, गोळ्या काही आठवडे घ्यायच्या, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे मलम सोडायचं नाही.

"परकर वाळत कुठं घालता?"

बाई खाली बघते. "घरातच. लुगड्याखाली. चारचौघांत कसं घालावं?"

डॉक्टरबाई पेन खाली ठेवतात. "दमट परकर नेसला तर माझ्या गोळ्या काय करतील? उन्हात घाला, उलटा करून. नाडीची जागा रोज थोडी खालीवर बांधा. टॉवेल वेगळा ठेवा."

"मालकालाबी हाय. जांघेत. ते येत न्हाईत."

"मग तुम्ही बऱ्या झालात तरी त्यांच्याकडून पुन्हा घ्याल."

बाई थोडा वेळ गप्प राहते. या खाजेला बुरशीइतकंच लाजेनंही पोसलं आहे, हे इथं पडद्याआड बसल्यावर स्पष्ट दिसतं. कातडीच्या रोगाची लाज बाळगण्यासारखं काही नाही, हे गावागावांत मोठ्यानं सांगायला हवं.

"सोमवारी त्याईला घेऊनच येते," ती म्हणते आणि नाडी बांधून बाहेर पडते. व्हरांड्यात बाकापाशी थांबून शेजारणीला म्हणते, "तुझं बी कमरेलाच हाय न्हवं? तोंडी सांगू नको, आत जाऊन दाखव."

शेजारीण उठते. तिच्या मागोमाग आणखी एक.