सरकारचा तुरुंग आणि तीस दिवसांचे पत्र

आपल्या वस्तीत कुणी एक खोली वाढविली की नगरपरिषदेचा माणूस दारात उभा राहतो. परवानगी कुठे आहे? नकाशा कुठे आहे? मग सरकार तुरुंग बांधते तेव्हा त्याला परवानगी कोण देतो?

उत्तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये आहे. तुम्हाआम्हाला कलम ४४ खाली अर्ज करावा लागतो. सरकारी खात्याला कलम ५८ ने त्यातून सूट दिली आहे. मात्र ही सूट मोकाट नाही. बांधकामाच्या किमान ३० दिवस आधी खात्याच्या अधिकाऱ्याने नियोजन प्राधिकरणाला लेखी कळविले पाहिजे. भंडारा, तुमसर, पवनी या शहरांत हे प्राधिकरण म्हणजे नगरपरिषद. बांधकाम विकास योजनेत किंवा नियमांत बसत नसेल तर ती हरकत घेऊ शकते. मग अधिकाऱ्याने आराखडा बदलायचा, नाहीतर हरकतीसह प्रकरण राज्य शासनाकडे पाठवायचे. निर्णय होईपर्यंत काम सुरू करता येत नाही. शेवटचा शब्द शासनाचाच. पण हरकत कागदावर असेल तर तिचा विचार करावाच लागतो.

आमचा तुरुंगाला विरोध नाही. २०२२ अखेर देशातील तुरुंगांत ४,३६,२६६ जागांवर ५,७३,२२० माणसे कोंबलेली होती. चारांपैकी तीन कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेले. त्यांत अनुसूचित जातींचे प्रमाण लोकसंख्येतील वाट्याहून जास्त. मुलाच्या मुलाखतीसाठी रोजी बुडवून जाणारी माय आपल्याच घरातली असते. तेव्हा तुरुंग हवा तो न्यायालयाजवळ, हवा-पाण्याची सोय असलेला. पण गरिबांची वस्ती उठवून किंवा शाळेच्या राखीव जागेवर तो नको.

धोका वेगळाच आहे. पत्र येते, टेबलावर पडून राहते आणि तीस दिवस निघून जातात. म्हणून जागरूक राहा. नगरसेवक असेल तर नगरसेवकाला, प्रशासक असेल तर मुख्याधिकाऱ्याला विचारा : पत्र आले का? उत्तर काय दिले? तोंडी उत्तरावर समाधान मानू नका. माहितीच्या अधिकाराखाली नकला मागा.

१९५४ साली बाबासाहेब याच भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. आपल्या माणसांचा आवाज सभागृहात पोहोचावा, यासाठी ती लढत होती. नगरपरिषदेचे सभागृह तर आपल्या दाराशी आहे. तिथे तरी आपण गप्प का बसावे?

जयभीम!