पायऱ्या, उतार आणि तहान

शाळेच्या दारातल्या तीन पायऱ्या आपण न मोजता चढून जातो. कॅलिपर लावून चालणाऱ्या किंवा चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या मुलाची शाळा मात्र त्या पायऱ्यांपाशीच अडते. २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला, तेव्हा आता अशी मुले फारशी राहिली नसतील, असे पुष्कळांना वाटते. हा गैरसमज आहे. मेंदूला इजा होऊन येणारी सेरेब्रल पाल्सी, पाठीच्या कण्यातील स्पायना बायफिडा हा जन्मजात दोष, स्नायू हळूहळू क्षीण करणारी मस्क्युलर डिस्ट्रॉफी आणि अपघात यांमुळे अपंगत्व आलेली मुले आजही आहेत.

मूल वर्गात पोचले की आपण निश्चिंत होतो. पण पुढचा प्रश्न स्वच्छतागृहाचा. तिथे जाता येत नाही म्हणून ही मुले सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि लघवी दाबून धरतात. मग लघवीला जळजळ, ताप, बद्धकोष्ठता, डोकेदुखी सुरू होते. घरी आपण 'उष्णता झाली' म्हणून सोडून देतो. स्पायना बायफिडाच्या मुलांत मूत्राशय नीट रिकामे होत नाही. अनेकांना ठराविक तासांनी नळी घालून लघवी काढावी लागते. स्वच्छ, बंदिस्त जागा नसेल तर हे टळते आणि जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो. मुली वयात आल्या की अडचण आणखी वाढते. आईच्या कडेवर शाळेत येणारे मूल सातवी-आठवीत तिला उचलेनासे होते आणि शाळा सुटण्याचा धोका नेमका तेव्हाच असतो.

यावर उपाय काय? पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. त्या मुलाचा वर्ग तळमजल्यावर आणावा.

दुसरा, योग्य उतार. उंची एक इंच असेल तर उताराची लांबी किमान बारा इंच हवी. म्हणजे सहा इंचाच्या एका पायरीला सहा फूट आणि दोन फूट उंच जोत्याला चोवीस फूट. जागा कमी असल्यास मध्ये सपाट टप्पा ठेवून उतार वळवता येतो. रुंदी चार फूट, पृष्ठभाग खरखरीत आणि दोन्ही बाजूंना कठडा असावा. घसरगुंडीसारखा आखूड उतार कागदोपत्री 'रॅम्प' ठरतो, पण त्यावरून खुर्ची मागे घसरते.

तिसरा, स्वच्छतागृह. बाहेर उघडणारे तीन फुटी दार, आत खुर्ची वळेल एवढी जागा, कमोड, भिंतीला धरायला दांडी आणि हाताला येईल असा नळ एवढे तरी हवे.

ही मेहेरबानी नव्हे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेची इमारत अडथळाविरहित असणे बंधनकारक केले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही तेच सांगितले आहे. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात. मुलाची गरज डॉक्टरांकडून लिहून घ्यावी, समितीला लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी.

आपले मूल धडधाकट असले तरी येत्या पालकसभेला जाताना खिशात मोजपट्टी ठेवा. शाळेचा उतार आणि स्वच्छतागृहाचे दार तेवढे मोजून या.