दारातला डोंगर

‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ ही म्हण फिरण्याच्या बाबतीत सातारकरांना तंतोतंत लागू पडते. हवापालटासाठी आपण महाबळेश्वर गाठतो. पण शहराला खेटून उभा असलेला अजिंक्यतारा कित्येकांनी वर्षानुवर्षे फक्त खालूनच पाहिलेला असतो.

समुद्रसपाटीपासून सुमारे ३३०० फूट उंचीच्या या किल्ल्यावर गाडीरस्ताही जातो. तरीही तो पायी चढण्यातच लाभ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचविला आहे. म्हणजे निदान रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. सपाटीपेक्षा चढावर हृदय, फुप्फुसे व मांड्यांना अधिक काम मिळते. काम करणारे स्नायू रक्तातील साखर वापरतात, म्हणून मधुमेहींना हा व्यायाम विशेष उपयोगी.

मात्र पहिल्याच दिवशी मंगळाईच्या दर्शनाचा हट्ट नको. सुरुवातीला चार भिंतीपर्यंत जाऊन परत फिरावे. दमाने अंतर वाढवावे. वेगाची खूण सोपी आहे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. बोलणेच खुंटले तर वेग कमी करावा. छातीत दाब किंवा कळ, जबड्यात वा हातात वेदना, घेरी असे काही जाणवल्यास तेथेच थांबावे आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. हृदयविकार, रक्तदाब असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा गोळ्या-बिस्किटे ठेवावीत.

चढताना धाप लागते, पण गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना होते. पावले लहान टाकावीत, हातात काठी असावी, पायात घट्ट पकडीचे बूट असावेत. घाईने, उड्या मारत उतरू नये.

पावसाळ्यात व त्यानंतर गवत वाढते. मळलेली पायवाट सोडू नये, दगडाच्या कपारीत हात घालू नये. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये. तो अवयव न हलवता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. उन्हाळ्यात वाळल्या गवतावर जळती काडी वा विडी टाकू नये. एका ठिणगीने डोंगर पेटतो.

वाचकहो, सोबतीला शेजारी घ्या, पाण्याची बाटली घ्या आणि उद्या सकाळी निघा. अर्ध्या वाटेवरून परतलात तरी तेवढा व्यायाम पदरात पडेलच.