ऐंशी व्होल्टचा प्रश्न

क्षिप्रेच्या काठावर उज्जैनमध्ये २०२८ च्या सिंहस्थाची कामे चालू आहेत. घाट, पूल, रस्ते, यातल्या जवळजवळ प्रत्येक कामात कुठे ना कुठे वेल्डिंग आहे. त्याच्या आदल्या वर्षी नाशिकचा कुंभ येतो, तेव्हा गोदेच्या काठीही हेच चित्र. अशा साइटवर सुरक्षिततेचा विषय निघाला की सहसा दोन गोष्टींकडे बोट जाते: वेल्डरच्या तोंडावर काच आहे का, आणि विजेच्या पेटीत आरसीसीबी बसवला आहे का. दोन्ही हव्यातच. पण वेल्डरचा जीव जिथे जाऊ शकतो, ती जागा या दोन्हींतून निसटते. मशीनमधून निघणारी केबल, हातातला होल्डर, लोखंडाला लावलेला क्लॅम्प आणि तिथून मशीनकडे परत जाणारी केबल, ही कमी व्होल्टेजची बाजू म्हणून दुर्लक्षित राहते. माझे म्हणणे असे, की आर्क वेल्डिंगची सुरक्षितता आणि देखभाल या बाजूपासून सुरू झाली पाहिजे, आणि नदीकाठी कोणते मशीन न्यायचे हेही तिच्यावरूनच ठरले पाहिजे.

मशीनला थ्री फेजची ४१५ व्होल्टची वीज मिळते. मशीन ती उतरवून वेल्डिंगसाठी देते. व्होल्टेज कमी, पण करंट शेकडो अँपिअर. आर्क पेटलेली असताना रॉडच्या टोकाशी २०-३० व्होल्टच असतात. आर्क नसते, वेल्डर रॉड बदलत असतो किंवा होल्डर काखेत धरून सरकत असतो, तेव्हा मात्र तिथे ८० व्होल्टपर्यंत दाब असू शकतो. म्हणजे काम थांबलेले वाटते तोच विजेच्या धक्क्याचा क्षण. यावर जुन्या कारागिरांचे उत्तर ठरलेले असते: ऐंशी व्होल्टने माणूस मरत नाही, आम्ही आयुष्यभर असे झटके खाल्ले आहेत. त्यांचा अनुभव खोटा नाही. कोरड्या कातडीचा विरोध काही हजार ओहम असतो, हातमोजे आणि बूट कोरडे असले की तो आणखी वाढतो, आणि झटका चिमटा काढून निघून जातो. पण घामाने निथळलेल्या शरीराचा विरोध हजार ओहमच्या आसपास उतरतो, आणि मग ८० व्होल्ट म्हणजे ८० मिलिअँपिअर. सुमारे १० मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आवळतात आणि धरलेला होल्डर सोडता येत नाही. छातीतून जाणारे ५० मिलिअँपिअर काही सेकंद टिकले तर हृदयाची लय बिघडू शकते. शिवाय ५० हर्ट्झचा एसी प्रवाह तेवढ्याच डीसीपेक्षा हृदयाला अधिक घातक. उज्जैनचा मागचा सिंहस्थ २२ एप्रिल ते २१ मे २०१६ असा ऐन उन्हाळ्यात झाला होता. माळव्यात त्या दिवसांत पारा चाळीसच्या वर सहज जातो. शेवटच्या घाईची कामे अशाच उन्हात, घामाने भिजलेल्या हातमोज्यांनी होतात. वर्षानुवर्षे झटके पचवलेला अनुभव त्या दिवशी उपयोगी पडत नाही.

आरसीसीबी आहे ना, हा दुसरा आक्षेप, आणि तो सुशिक्षित सुपरवायझरकडून येतो. आरसीसीबी जाणारा आणि परत येणारा प्रवाह सारखा आहे की नाही ते पाहतो. फरक ३० मिलिअँपिअर झाला की वीज तोडतो. मेन केबल सोलली, मशीनच्या बॉडीत वीज उतरली, तर तो जीव वाचवतो. पण वेल्डिंगची बाजू ट्रान्सफॉर्मरने मेनपासून अलग केलेली असते. होल्डरमधून वेल्डरच्या अंगात शिरलेला प्रवाह क्लॅम्पच्या केबलने मशीनमध्येच परत येतो. मेनच्या बाजूला हिशेब बरोबर राहतो आणि आरसीसीबी हलत नाही. म्हणून या बाजूचे संरक्षण मशीनमध्येच असावे लागते. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०९७४-१ साधारण जागेसाठी एसीला ८० व्होल्टची मर्यादा घालते, पण ओल्या, अडचणीच्या, चहूकडे लोखंड असलेल्या जागेसाठी तीच ४८ वर आणते. अशा जागी चालणाऱ्या मशीनच्या नेमप्लेटवर चौकटीत इंग्रजी एस अक्षर असते. घाटाची ओली पायरी आणि सळयांची जाळी ही व्याख्येबरहुकूम तशी जागा आहे. बाजारात स्वस्त मिळणारा तेलात बुडवलेला एसी ट्रान्सफॉर्मर दणकट असतो, धूळ आणि कमीजास्त व्होल्टेज सोसतो, इन्व्हर्टरसारखा त्याचा कार्ड उडत नाही. त्याच्यावर कारागिरांचा जीव आहे तो उगाच नाही. त्याने उज्जैनमधल्या नागझिरीच्या किंवा मक्सी रोडच्या वर्कशॉपमध्ये कोरड्या फरशीवर खुशाल काम करावे. नदीवर न्यायचा असेल तर आर्क बंद असताना व्होल्टेज खाली आणणारे व्हीआरडी उपकरण त्याला जोडावे, नाहीतर एस खुणेचे डीसी मशीन न्यावे.

करंटच्या परतीच्या रस्त्याची हेळसांड तर याहून मोठी. दुसरी केबल वाचवायला क्लॅम्प लांब कुठेतरी जाळीला अडकवतात, मधे सळई नाहीतर अँगल टाकून काम भागवतात. दोनशे अँपिअर मग सापडेल त्या वाटेने मशीनकडे निघतात: क्रेनच्या वायर रोपमधून, पंपाच्या बेअरिंगमधून, जवळच्या ड्रिल मशीनच्या अर्थिंगच्या बारीक तारेतून. दोर आतून भाजतो, बेअरिंगला खड्डे पडतात, आणि अर्थिंगची तार जळून तुटली तरी ड्रिल पूर्वीसारखेच फिरत राहते. त्या ड्रिलचा शॉक पुढे दुसऱ्याच कुणाला बसतो आणि कारण सापडत नाही. क्लॅम्प जोडाच्या जवळ, गंज आणि रंग खरवडलेल्या जागी घट्ट बसवणे याला खर्च नाही. एकाच गर्डरवर दोन मशीन चालत असतील तर दोन होल्डरांमध्ये दोघांच्या व्होल्टेजची बेरीज मिळू शकते, म्हणून दोन वेल्डर एकमेकांच्या हाताच्या अंतरात नसावेत.

‘चालतंय ना, मग उघडायचं कशाला’ हे देखभालीबद्दलचे उत्तर तितकेच फसवे आहे, कारण वेल्डिंग मशीन बिघडत बिघडतही उत्तम आर्क देते. नेमप्लेटवर ४०० अँपिअर, ६० टक्के लिहिले असेल तर दहा मिनिटांतली सहा मिनिटेच त्या करंटवर चालवायची. सलग चालवायचे तर करंट ३१० च्या आसपास उतरवायचा. हा आकडा भोवतालचे तापमान ४० अंश धरून दिलेला असतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तेवढीही सवलत उरत नाही. वाइंडिंगचे इन्सुलेशन अशा दिवसांत थोडे थोडे भाजत जाते. त्यातच शेजारी ग्राइंडर चालत असेल तर पंखा लोखंडाची भुकटी आत ओढतो, आणि पहिल्या पावसाच्या दमटपणात तीच भुकटी वीज वाहू लागते. मेन आणि वेल्डिंग वाइंडिंगमधला पडदा फुटला तर होल्डरवर ४१५ व्होल्टची बाजू येऊ शकते. म्हणून पावसाळ्यापूर्वी मशीन उघडून कोरड्या हवेने साफ करावे आणि ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासावे: मेन आणि वेल्डिंग बाजूंत किमान ५ मेगओहम, वेल्डिंग बाजू आणि अर्थिंगमध्ये किमान २.५. इन्व्हर्टर असेल तर कपॅसिटर रिकामे होईपर्यंत थांबावे आणि नाजूक भाग मेगरपासून वेगळे करावेत. हे काम इलेक्ट्रिशियनचेच. वेल्डरने रोज सकाळी केबलवरून नजर फिरवावी, ढिला लग आवळावा, तडकलेला होल्डर फेकून द्यावा. तापलेला होल्डर पाण्यात बुचकळून गार करण्याची सवय तर आजच बंद व्हावी.

धूर, प्रकाश आणि आग यांना मी कमी लेखत नाही. वेल्डिंगच्या धुराला आणि अतिनील किरणांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये माणसाला निश्चित कर्करोगकारक ठरवले आहे. पण धुराचे नुकसान वर्षांनी दिसते आणि डोळ्यांची जळजळ त्याच रात्री. होल्डरची चूक दुसरी संधी देत नाही.

मुदत जवळ आली आहे, एवढे कोण करणार, हा शेवटचा आक्षेप. छोट्या ठेकेदाराची अडचण खरी आहे. त्याच्यावर नवे मशीन लादून प्रश्न सुटणार नाही. काम देणाऱ्या खात्याने निविदेतच ओल्या जागेसाठी ४८ व्होल्टची अट घालावी आणि तिचा दर धरावा, म्हणजे नियम पाळणारा ठेकेदार महाग ठरून बाहेर पडणार नाही. घाटाची रचनाही लक्षात घ्यावी. मशीन वर कोरड्या जागी असते, वेल्डर तीस मीटर केबल ओढून खाली पाण्याजवळ असतो. त्याचा हात आवळला तर स्विचपाशी कुणी नसते. वर एक हेल्पर उभा हवा, त्याला खालचा वेल्डर दिसत राहिला पाहिजे, आणि खाली धावत जाऊन वेल्डरला धरण्याआधी स्विच पाडायचा, एवढे त्याच्याकडून करून घेतलेले असले पाहिजे.