चेंडू हलतच नाही!

मोबाइलवरच्या गेममध्ये चेंडू टप्पे घेत कसा पळतो, पाहिलंय ना? पण खरं सांगू? तो चेंडू मुळी हलतच नाही! कॉम्प्युटर एक चित्र काढतो, ते पुसतो आणि चेंडू जरासा सरकवून पुन्हा नवं चित्र काढतो. वहीच्या कोपऱ्यात चित्रं काढून पानं भरभर सोडली की त्यातला माणूस पळायला लागतो, अगदी तसंच हे. फक्त इथे पानं कॉम्प्युटर काढतो, तीही एका सेकंदात तीस, नाहीतर साठ. पुढच्या चित्रात चेंडू कुठे असेल, एवढं आपण त्याला सांगायचं.

हे सांगायला शिकायचं तर ‘स्क्रॅच’पासून सुरुवात करा. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझ्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मुलांसाठी तयार केलं आणि २००७ मध्ये सगळ्यांना खुलं केलं. ते फुकट मिळतं. त्यात लांबलचक सूचना टाइप कराव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडत जायचे.

स्क्रॅचच्या पडद्याच्या मधोमध असतं शून्य. तिथून उजवीकडे २४० पर्यंत आकडे, डावीकडे उणे २४० पर्यंत. वर १८०, खाली उणे १८०. म्हणजे चेंडू कुठे आहे हे सांगायला दोन आकडे पुरतात. नववीत ‘निर्देशक भूमिती’ नावाचा धडा येतो, तो हाच. पण पाचवीतल्या मुलीलाही तो इथे सहज जमतो, कारण आकडा बदलला की चेंडू लगेच तिच्या डोळ्यांसमोर दुसरीकडे जातो.

आता चेंडूला उडी मारायला लावू. प्रत्येक चित्रात त्याची उंची १० ने वाढवली तर? तो सरळ वर जाईल आणि वरच्या कडेला जाऊन थडकेल. ही काही उडी नव्हे. म्हणून आणखी एक आकडा जवळ ठेवायचा, त्याला नाव देऊ ‘वेग’. सुरुवातीला वेग १०. प्रत्येक चित्रात दोनच कामं करायची: उंचीत वेग मिळवायचा, मग वेगातून १ वजा करायचा. बस्स!

कागद घ्या आणि मांडून बघा. उंची होते १०, मग १९, २७, ३४, ४०, ४५, ४९, ५२, ५४, ५५. चेंडू वर जाता जाता कसा मंदावतोय, दिसलं? मग वेग शून्य होतो आणि चेंडू एका चित्रापुरता ५५ वरच थांबतो. त्यानंतर वेग उणे होतो. चेंडू ५४, ५२, ४९ करत, वेग वाढवत खाली येतो. एकविसाव्या चित्रात तो बरोबर जमिनीवर! सेकंदाला तीस चित्रं धरली तर ही उडी ०.७ सेकंदाची झाली. अंगणात वर फेकलेला चेंडूही असाच मंदावतो आणि असाच परत येतो. तो ‘वजा १’ म्हणजे आपल्या गेममधलं गुरुत्वाकर्षण. मला ही दोन ओळींची युक्ती फार आवडते.

कधीकधी मात्र विचित्र गोष्टी घडतात. समजा, १० रुंदीचा छोटा चेंडू एका चित्रात ४० ने पुढे सरकतोय. भिंत आहे ९५ ते १०५ मध्ये. चेंडू एका चित्रात ८० वर असतो आणि पुढच्या चित्रात थेट १२० वर. भिंतीला न शिवता तो पार! मधल्या जागेत तो कधी नव्हताच, मग आपटणार कसा? उपाय सोपा आहे: ४० ची एक उडी न घेता १० च्या चार घ्यायच्या आणि दर वेळी ‘भिंत लागली का?’ असं विचारायचं.

कॉम्प्युटरच्या अडचणीतून कधी गंमतही जन्मते. जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ मध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा गेम बनवला. त्यात परग्रहावरच्या शत्रूंची फौज हळूहळू खाली उतरते. तेव्हाच्या यंत्राला इतके शत्रू पडद्यावर काढायला वेळ लागायचा. जसजसे शत्रू मरत, तसतसं काम हलकं होई आणि उरलेले भराभर सरकू लागत. निशिकादो यांनी ते तसंच राहू दिलं. शेवटचा शत्रू सगळ्यांत वेगवान, म्हणून खेळणाऱ्याची धडधड वाढत जायची!

आता तुमची पाळी. वेगातून दर वेळी १ ऐवजी अर्धा वजा केला तर चेंडू १०५ पर्यंत चढतो, जवळजवळ दुप्पट. २ वजा केले तर किती चढेल? चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या साधारण एक षष्ठांश असतं, मग तिथल्या गेमसाठी किती वजा कराल? आधी कागदावर मांडा, मग स्क्रॅचमध्ये ठोकळे जोडून चेंडूलाच विचारा.